मुंग्या लागलेलं पिस्तूल

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी आधी उदगीरच्या गुरुलिंगआप्पांचं नाव घेतो आणि मग देवाचं. देव यावर रागावल्याचं ऐकिवात नाही. आप्पा मात्र सध्या रागावलेले आहेत. नातवाच्या लग्नापासून ते माझ्याशी बोलत नाहीत आणि त्याला कारण एक पिस्तूल आहे. वस्तुसंग्रहालयातल्या नोकरीबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा नाणी आणि ताम्रपट मी बाजूला ठेवले. आधी हे पिस्तूल डोक्यातून उतरवणं भाग आहे.

आप्पांचं उदगीरच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. मी मुखेड तालुक्यातल्या खेड्यातून तिथे कॉलेजात आलो, तेव्हा डोकं टेकायला जागा नव्हती. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे शहरात राहायचं कसं हेही सांगायला कुणी नव्हतं. आप्पांनी मला दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपायची परवानगी दिली. अट एकच. रात्री अंगावर परात पडली तर आवाज करायचा नाही. परातीनेही नाही आणि मीही नाही.

त्या बदल्यात संध्याकाळी भांड्यांवर नावं घालायचं काम माझ्याकडे होतं. छोटंसं विजेचं यंत्र, सुई घर्र करते, तांब्यावर अक्षरं उमटतात. आमच्या भागात लग्नाचं भांडं नावाशिवाय देत नाहीत. एकदा एक गिऱ्हाईक छोटीशी वाटी घेऊन आलं आणि तिच्यावर मामा, मामी, त्यांची सगळी मुलं, सुना आणि ‘समस्त मित्रपरिवार’ घाला म्हणालं. मी घाबरून आप्पांकडे पाहिलं. आप्पा गिऱ्हाइकाला म्हणाले, “परिवार लई मोठा हाय, मालक. हंडा घ्या.”

दुसरं काम मोड घेण्याचं. जुनी, फुटकी, पोचे आलेली भांडी लोक आणून देतात, आपण ती वजनावर घेतो, ती पुढे वितळवायला जातात. याला मोड म्हणतात. तराजूतून उतरलेल्या प्रत्येक नगावर आप्पा एक ठसा ठोकायला लावायचे, म्हणजे एकच घागर मागच्या दाराने जाऊन पुढच्या दाराने पुन्हा तराजूत बसू नये. ठशावर नंदी होता. त्याला एकच शिंग होतं. “पणजोबाच्या टायमापासून असाच हाय,” आप्पा सांगायचे. “दुसरं शिंग कुठं पडलं, ते पणजोबालाच ठावं.”

मी बी.ए. झालो तेव्हा आप्पांनी मला तांब्याचा पेला बक्षीस दिला आणि त्यावर ‘बालाजी, बी.ए.’ असं घालून आण म्हणून माझ्याच हाती ठेवला. तो पेला अजून माझ्याकडे आहे. ‘बी.ए.’ जरा तिरपं आलंय.

पुढे मी पुरातत्त्व शिकलो आणि नांदेडला एका लहान वस्तुसंग्रहालयात लागलो. लोकांना वाटतं, असा माणूस दिवसभर राजेमहाराजांच्या सहवासात असतो. तो खरं तर धूळ, वाळवी आणि गंज यांच्या सहवासात असतो. आमचं काम साधं आहे. आलेली वस्तू कशाची, कधीची, खरी की खोटी हे ओळखायचं, ती आणखी खराब होणार नाही इतपत साफ करायची, आणि आणणाऱ्याला वाईट वाटणार नाही अशा बेताने खरं सांगायचं. यातलं तिसरं काम सर्वांत अवघड. त्याचा अभ्यासक्रम कुठेच नाही.

हदगावचे एक शेतकरी एकदा गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून आले. राक्षसी पालीचं अंडं सापडलंय म्हणाले. गोधडी उबेसाठी होती. “सायेब, बसमधी हलून राहिलं होतं. हात लावून बघा.” मी हात लावला, भिंगातून पाहिलं आणि हळूच सांगितलं की हा नदीतला गोटा आहे, पाण्याने गुळगुळीत झालेला. त्यांनी गोटा पुन्हा गोधडीत गुंडाळला. मग म्हणाले, “बरं, मंग ह्याची मादी कुठं गेली असंल?”

औशाच्या एका आजीबाईंनी तोफेचा अस्सल गोळा आणून दिला. त्यांच्या घरी तो दार अडवायला होता. मी भारावून आभार मानायला लागलो तर त्या म्हणाल्या, “आभार ऱ्हाऊ द्या. दार आपटून ऱ्हायलं तिकडं. त्याला कायतरी द्या.” आम्ही त्यांना एक चांगली भाजकी वीट दिली. देवाणघेवाणीचा इतका समाधानकारक व्यवहार आमच्या संग्रहालयात पुन्हा झाला नाही.

आता पिस्तूल.

आप्पांचं घराणं लिंगायत, कडक शाकाहारी, व्यापारी. घरात मुंगीलासुद्धा फुंकर मारून बाजूला करतात. पण त्यांच्या देवघरात लाल कापडात गुंडाळलेलं एक घोडेस्वाराचं पिस्तूल होतं. त्याला घरात ‘तमंचा’ म्हणत. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, शेंदूर-तेलाचं बोट लागायचं. दर वर्षी एक थर, त्यामुळे तमंचा मूळचा केवढा आणि शेंदूर केवढा हे सांगणं कठीण झालं होतं. मी अनेकदा म्हणायचो, “आप्पा, एकदा साफ करून देतो.” आप्पा म्हणायचे, “देवाला आंघोळ घालत्यात, बालाजी, कातडं काढत न्हाईत.”

त्याची हकीकत मी पोटमाळ्यावर राहत असल्यापासून ऐकत आलो. आप्पांचे पणजोबा वीरभद्रप्पा बाजाराला चालले होते. वाटेत फौजेतला गोरा साहेब घोड्यावरून आडवा आला. पणजोबांच्या हातात फक्त विकायला नेलेली पितळी पळी होती. त्यांनी पळीचा असा काही तडाखा दिला की साहेब पळाला आणि तमंचा मागे राहिला. मी बी.ए.ला होतो तेव्हा साहेब एकटाच होता. एम.ए. झालो तोवर तीन साहेब झाले. नातवाच्या, महेशच्या, साखरपुड्यात आप्पांनी लातूरच्या व्याह्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा घोडेस्वारांचा पूर्ण रिसाला उधळला. पळी मात्र शेवटपर्यंत एकच राहिली.

आमच्याकडे हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवाने जवळ लोखंड बाळगायचं असतं. बहुतेक घरांत कट्यार किंवा सुरी असते, टोकाला लिंबू खोचलेलं. आप्पांच्या घरात हा मान तमंच्याचा. पण तमंच्याला टोक नसतं, म्हणून बोराएवढं कोवळं लिंबू नळीच्या तोंडात बसवायचं. या घरातले सगळे नवरदेव असेच बोहल्यावर चढले होते.

महेश मात्र नव्या पिढीचा. लग्नाआधी त्याने आणि होणाऱ्या नवरीने उदगीरच्या किल्ल्यात फोटो काढून घेतले. हल्ली सगळेच काढतात. त्यांनी एक चलच्चित्रही केलं. त्यात नवरी बुरुजावरून तमंचा रोखते, नवरदेव हात वर करून गुडघे टेकतो, आणि मागे ढोल. नवऱ्याच्या मित्राने खाली लिहिलं, ‘आता सुटका नाही’. ते गावभर फिरलं आणि फिरत फिरत पोलीस ठाण्यात पोचलं. हत्यारं मिरवणाऱ्यांवर लक्ष ठेवायचा त्यांना नुकताच आदेश आला होता. दुसऱ्या दिवशी पोलीस घरी आले आणि देवघरातून तमंचा घेऊन गेले.

महेशचा मला फोन आला. “काका, लवकर या. आजोबा म्हणतेत तमंचा न्हाई तर हळद न्हाई.”

“हळद कधी आहे?”

“परवा.”

मागे आप्पांचा आवाज ऐकू आला, “त्याला म्हनावं, शिकीवलं कशापायी?”

ठाण्यातूनही आमच्या कार्यालयाला विचारणा आली होती, की वस्तू पुरातन आहे की गावठी कट्टा, हे तज्ज्ञाने सांगावं. मी पहिल्या गाडीने मुखेडमार्गे उदगीर गाठलं.

ठाण्यातल्या फौजदार मॅडम तरुण होत्या, कामाला चोख. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत तमंचा होता. शेजारी हवालदार शेषेराव नातीसाठी लोकरीची टोपी विणत बसले होते. समोरच्या बाकावर आप्पा, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांच्या शेजारी महेश, आणि त्याच्याही पलीकडे लातूरचे व्याही, आडतीचे व्यापारी. धीर द्यायला आलोय म्हणाले, पण मला वाटतं ते मुख्यतः पाहायला आले होते.

आप्पांनी मला पाहताच म्हटलं, “एनप्पा बालाजी, किती वाट बघायची?” एनप्पा म्हणजे काय रे बाबा. रागात आणि मायेत आप्पा कानडीच वापरतात.

मॅडम म्हणाल्या, “साहेब, मला एवढंच सांगा. ह्या हत्याराला मुंग्या का लागल्यात?”

खरोखरच पिशवीत मुंग्यांची रांग होती. शेषेराव म्हणाले, “दोनदा झटकलं. परत येऊन ऱ्हायल्यात. मुंग्या लागलेलं हत्यार पयल्यांदाच पाहिलं नोकरीत.”

मी भिंग लावलं. इथे थोडं यंत्र समजावून सांगतो. या जुन्या पिस्तुलात गोळीमागे दारू नळीच्या तोंडातून ठासतात. बाजूला ‘घोडा’ नावाचा, चापाने सुटणारा लोखंडी हात असतो. त्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा आवळलेला. चाप ओढला की घोडा झपकन पुढे येतो, गारगोटी पोलादी पत्र्यावर आपटते, ठिणग्या खालच्या छोट्या वाटीतल्या दारूवर पडतात, आणि तिथून एका बारीक छिद्रातून आग नळीत जाते. छिद्राला ‘कान’ म्हणतात. एवढं सगळं सुरळीत झालं तर एक गोळी सुटते. पावसात काहीच सुटत नाही. स्वाराला धावत्या घोड्यावर पुन्हा भरणं अशक्यच, म्हणून तो पिस्तूल उलटं धरून मुठीने समोरच्याच्या डोक्यात हाणायचा. मुठीला त्यासाठीच जड पितळी टोपी असते.

आप्पांच्या तमंच्यातल्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीच्या जागी खडीसाखरेचा खडा होता.

“ते आमच्या आजोबानं बसीवलंय,” आप्पा म्हणाले. “आधीचा पांढरा दगड पडला. तसाच पांढरा खडा घातला. लगीन गोड व्हावं. दर लग्नाला नवा घालताव.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे हे झाडलं तर काय होईल?”

“चहा होईल,” व्याही म्हणाले.

मी जबाबदारीने सांगितलं, की खडीसाखरेची ठिणगी पडत नाही, तरी आमच्या धंद्यात एक नियम आहे. जुनं पिस्तूल रिकामं आहे असं कधीही धरून चालायचं नाही. कित्येकदा दीडशे वर्षांपूर्वी भरलेली दारू आत तशीच असते. तपासायची रीत सोपी. एक काडी नळीत शेवटपर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची, मग तीच काडी बाहेरून नळीला लावून पाहायची. काडी कानापर्यंत पोचली तर नळी रिकामी. अलीकडेच थांबली तर आत काहीतरी आहे. काडी धातूची नको.

शेषेरावांनी नाइलाजाने एक प्लास्टिकची विणकामाची सुई काढून दिली. “टाके सुटतील, जपून.”

मी सुई घातली. ती लगेच अडली. बाहेरून लावून पाहिली. कानापासून ती वीतभर अलीकडे थांबली होती. वीतभर म्हणजे जवळजवळ सगळी नळी भरलेली.

“आत बरंच काही आहे,” मी म्हणालो.

यानंतर ठाणं ज्या वेगाने रिकामं झालं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं. महेश खिडकीतून गेला, दार उघडं असताना. व्याही आप्पांच्या पुढे होते. शेषेराव अर्धी टोपी आणि एक सुई घेऊन पळाले, लोकरीचा गुंडा मागे घरंगळत राहिला. कोठडीत एक सायकलचोर होता. तो गज धरून ओरडला, “मॅडम, मी कबूल हाव! चारी सायकली मीच नेल्या! पण मला भायेर घ्या!”

त्याला केवळ दोनच सायकलींबद्दल आणलेलं होतं.

मॅडम एकट्या जागच्या हलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “नळीचं तोंड तिकडे करा.” आणि कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं.

मी पिस्तूल बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली नेलं, नळीत पाणी ओतलं. दारू असली तर भिजून निकामी होते. पुरेसं भिजू दिल्यावर माझ्या पेटीतलं मळसूत्री टोकाचं अवजार हळूहळू आत फिरवलं आणि ओढलं. लोक दूर भिंतीआडून बघत होते. पहिली वस्तू बाहेर आली. काळी, सुरकुतलेली, खडखडीत वाळलेली.

“गोळी?” मॅडमनी विचारलं.

मी वास घेतला. “लिंबू.”

मग दुसरं लिंबू आलं. मग तिसरं. मधे मधे अक्षतांचे दाणे, हळकुंडाचा तुकडा. लग्न झाल्यावर लिंबू काढायला बोट आत जात नसे, म्हणून पुढच्या नवरदेवाचं लिंबू मागच्याच्या लिंबाला आत ढकलत गेलं होतं. आप्पा हळूहळू जवळ आले, एकेक ओळखू लागले. “हे महेशच्या बापाचं. हे माझं असंल. हे बघ, हे चुलत्याचं, त्याच्या लग्नात लिंबं महाग होती, म्हनून एवढुसं.” तळाशी शेवटचं लिंबू निघालं, ते मातीसारखं भुरभुरलं. गोळी नव्हती. दारू नव्हती.

“गोळी न्हाई?” आप्पांचा चेहरा पडला. मग लगेच उजळला. “मंग पणजोबानं झाडली असंल!”

मॅडमना आता हसू आवरत नव्हतं, पण कागद पुरा करायचा होता. “वस्तू जुनी आहे, निकामी आहे, हे तुम्ही लिहून द्या. फक्त घरात कशी आली, ते एक कळू द्या. मी वर पाठवते, आजच सुपूर्दनाम्यावर सुटेल, म्हणजे सांभाळायला तुमच्याच ताब्यात येईल.”

आप्पा उभे राहिले. छाती पुढे आली. साहेब, घोडा, पळी, रिसाला, सगळं झालं. व्याही मान डोलावत होते. ऐकून मॅडम गंभीर झाल्या. “आजोबा, म्हणजे हे लष्कराच्या माणसाकडून जबरदस्तीने घेतलं असं तुमचं म्हणणं? असं लिहिलं तर मला वर विचारावं लागेल, की त्या फौजेचा माल आज कुणाचा. त्याला किती दिवस लागतील, सांगता येणार नाही.”

“लिवा,” आप्पा म्हणाले. “जे झालं ते झालं.”

“आजोबा, हळद...” महेश कळवळला.

मी तोवर काम म्हणून मुठीची पितळी टोपी गोड्या तेलाने पुसत होतो. शेंदराची एक मोठी पापडी सुटून हातात आली आणि खालची पितळ उघडी पडली. तिच्यावर ठसा होता. मी भिंग लावलं. मग भिंग काढून साध्या डोळ्यांनी पाहिलं, कारण त्याला भिंगाची गरज नव्हती. तो ठसा मी स्वतः शेकडो घागरींवर ठोकला होता.

एका शिंगाचा नंदी.

नळीवरचा शेंदूर काढला तर तिथे दोन बाण, टोकाला टोक लावून. लष्कराच्या कामातून काढून टाकलेल्या मालावर ही खूण मारत आणि तो माल लिलावात विकत. नवी पिस्तुलं आली की जुनी अशी ढिगाने निघत. म्हणजे वीरभद्रप्पांनी साहेबाला पळी मारली नव्हती. त्यांनी लिलावात मोड घेतली होती, वजन केलं होतं, आणि घरच्या रिवाजाप्रमाणे ठसा ठोकला होता.

मी तमंचा आणि भिंग दोन्ही आप्पांसमोर धरलं. आप्पांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“मला काय दिसंना,” आप्पा म्हणाले. “चष्मा घरी हाय.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी काय करायचं? लढाई लिहिली तर आप्पांची मान उंच आणि लग्न खोळंबलेलं. नंदी लिहिला तर हळद वेळेवर, पण लातूरच्या व्याह्यांसमोर पणजोबांचा पराक्रम तराजूत. शिवाय माझ्या सहीला जो काही अर्थ आहे, तो खरं लिहिण्यामुळेच आहे, आणि ती सही करण्याइतका मी शिकलो तो याच माणसाच्या पोटमाळ्यावर. मी आप्पांकडे पाहिलं. ते झाडाकडे बघत होते.

मी लिहिलं. हत्यार पुरातन, निकामी, धोका नाही. नळीवरील खुणेवरून लष्कराने काढून टाकलेले. मुठीवरील ठशावरून सदर घराण्याने मोडीच्या भावाने रीतसर विकत घेतलेले.

मॅडमनी ते मनातल्या मनात वाचलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण पंचांसमोर मोठ्याने वाचायची पद्धत आहे. ‘मोडीच्या भावाने’ या शब्दांशी व्याही इतके हसले, की त्यांना बाकावर बसवावं लागलं. “आप्पा, पळीबी मोडीतलीच होती का?” ते डोळे पुसत म्हणाले.

आप्पांनी तमंचा कापडात गुंडाळला, छातीशी धरला आणि निघाले. माझ्याजवळून जाताना थांबले. “लई शिकलास,” एवढंच बोलले. कानडीत नाही, मराठीत.

हळद वेळेवर लागली. लग्न लातूरला थाटात झालं. महेशच्या कमरेला तमंचा होता, नळीत नवं लिंबू, जबड्यात नवी खडीसाखर. मंडपात व्याह्यांनी ठाण्यातली गोष्ट ज्याला त्याला सांगितली. मला पंगतीत आग्रहाने वाढलं गेलं, पण आप्पा माझ्या पानाशी आले की वाढप्याला खूण करून पुढे सरकायचे. मी दुकानावर फोन केले. “आप्पा मोड मोजून ऱ्हायलेत,” असं दरवेळी सांगण्यात आलं. माझ्या नोकरीत मी मूर्तींची नाकं जोडली, फुटके रांजण सांधले. हे मात्र कसं सांधायचं, ते कळेना. शेवटी काल मी त्यांना हे पत्र पाठवलं.

तीर्थरूप आप्पांना बालाजीचा साष्टांग नमस्कार, आणि तुमच्या लिंगायत रीतीने शरणार्थ.

तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून लिहितो. मी जे लिहून दिलं ते खोडणार नाही. तुम्हीही मला खोडायला सांगणार नाही, हे मला माहीत आहे. पण घाईत मी फक्त कायद्याला लागेल तेवढंच लिहिलं. राहिलेलं आता लिहितो.

तमंच्याला तीन ठिकाणी पितळ आहे. मुठीची टोपी, चापाखालची कमान आणि दारू ठासायचा गज अडकवायची नळकांडी. त्या पितळेवर तुमच्या पणजोबांचा ठसा आहे, म्हणजे ती तराजूतून उतरलेली आहे. आप्पा, मोड घेणारा पहिलं काय करतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. पितळ उपटून वेगळी करतो, लोखंड वेगळं टाकतो, लाकूड चुलीत घालतो. त्या दिवशी तेलाने पुसताना मी पितळेचा प्रत्येक स्क्रू तपासला. एकही हललेला नाही. त्यांच्या हातात हातोडी होती, समोर भट्टीला जायचा ढीग होता, आणि त्या ढिगातून त्यांनी ही एक वस्तू उचलून बाजूला ठेवली. नफा सोडला. शाकाहारी माणूस, तमंच्याचा उपयोग शून्य. तरी ठेवली, कारण ती त्यांना आवडली आणि मोडवेना.

साहेबाला पळी मारणारे त्या काळी पुष्कळ असतील. भांड्यांचा व्यापारी असून पितळ सोडणारा मला माझ्या सगळ्या नोकरीत हा एकच भेटला. माझ्या संग्रहालयात जे काही आहे, ते अशाच कुणीतरी न मोडल्यामुळे आहे. व्याह्यांना हे मी फोन करून समजावून सांगितलं. ते आता हसत नाहीत. त्यांनी घरातल्या जुन्या अडकित्त्यावर काही ठसा आहे का, ते शोधायला घेतलंय.

ढिगातून उचलून ठेवायची ही खोड तुमच्या घराण्यात पुढेही, अगदी पोटमाळ्यापर्यंत, चालू राहिली. जास्त लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

येत्या सोमवारी बाजार बंद असेल, तेव्हा मी उदगीरला येतो. राग गेला असेल तर दुकानाचं शटर अर्धं वर ठेवा, मी वाकून आत येईन. गेला नसेल तर बंद ठेवा. मी बाहेर पायरीवर बसून तुमच्या पणजोबांची ही खरी गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसेन, आणि दर तासाला एकेक पितळी स्क्रू वाढवत नेईन.

आपला,
बालाजी